पिल्लाला दवाखान्यात नेण्याआधी

वडगाव मावळ

चि. सोनू,

भाजे गावाहून कुत्र्याचं पिल्लू आणल्याचं तुझ्या आईकडून कळलं. दीड महिन्याचं आहे, नीट खातंय, मग दवाखान्याची घाई कशाला, असं तुमच्या घरात चाललंय म्हणे. मला ते अजिबात पटत नाही. पिल्लू धडधाकट असतं तेव्हाच डॉक्टरांना दाखवायचं. पार्व्हो या विषाणूच्या रोगाची उलटी आणि रक्ताची हागवण सुरू झाली की लशीचा उपयोग नाही. मग नुसती सलाईन लावून झुंज द्यायची, आणि एवढासा जीव दोन-तीन दिवसांतसुद्धा हातचा जातो.

नेताना टोपलीत जुनी गोधडी घाल. दवाखान्यात त्याला मांडीवरच ठेव, खाली सोडू नकोस. आजारी कुत्रीही त्याच दारातून येतात आणि पार्व्होचे विषाणू मातीत, फरशीच्या फटीत महिनोन्‌महिने टिकतात. सकाळची ताजी शी डबीत घालून ने, म्हणजे जंत आहेत का ते तपासता येईल. टम्म पोट बघून लोक बाळसं धरलं म्हणतात, पुष्कळदा ते जंत असतात. औषध वजनावर ठरतं, म्हणून काट्यावर एकदा पिल्लासकट उभी राहा, एकदा एकटी.

डॉक्टर ओठ वर करून हिरड्या बघतील, तेव्हा तूही नीट बघून घे. गुलाबी असल्या तर ठीक. पांढुरक्या पडल्या तर रक्त कमी झालंय, जंतांनी किंवा गोचिडांनी. घरी रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत चाचपत जा. गोठ्यात गुरांवर फवारायचं गोचिडांचं औषध असेल, त्याला मात्र हात लावायचा नाही. त्यानं पिल्लाला विषबाधा होते. आपल्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्याही तशाच.

लस एकदा टोचली की झालं, हा समज घरोघरी आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर ती लशीचाही जोर मोडते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे. लेप्टोचीही लस विचारून घे. आपल्याकडे चार महिने पाणी साचतं, खाचरांत उंदीर असतात आणि त्यांच्या मुतातून हा रोग पसरतो, माणसांनाही होतो. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते तुला ठाऊक आहे. मेडिकलमधून आणून घरी टोचायची नाही.

तीन महिने भरले की रेबीजची लस. पाश्चर या शास्त्रज्ञानं ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचायला सुरुवात केली. तरी आजही आपल्याकडे माणसं या रोगानं मरतात, याचा मला संताप येतो. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही. पिल्लू खेळता खेळता चावलं, दात नुसता लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

खाण्याचंही सांभाळ. लोणावळ्याहून कुणी चॉकलेटचा फज आणला तर त्याचा कणही पिल्लाच्या तोंडी जाऊ देऊ नकोस. मनुकेही नकोत.

लशीचं पुस्तक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेव आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिही. ती लावणीच्या दिवसांत येत असेल तर आधी फोन कर, मी रिक्षा घेऊन येईन.

तुझी
आत्या