जांभ्याची छिद्रे आणि ज्वालामुखीचा पाठ

पेडणे व डिचोली तालुक्यांतील घरांच्या भिंतींत दिसणारा सच्छिद्र जांभा हा लाव्हारसाचाच दगड, असा विद्यार्थ्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ती छिद्रे ज्वालामुखीच्या वायूंची नव्हेत. मूळ खडक कोणताही असो, उष्ण व पर्जन्यबहुल हवामानात त्यातील सिलिकादी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात. लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहून जांभा बनतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट गोव्याच्या ईशान्य भागात आढळतो. डिचोलीतील लोहखनिजयुक्त खडक त्याहून कितीतरी प्राचीन आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावरील नकाशांवरून हा भेद वर्गात दाखविता येतो. त्यानंतर शिक्षकांनी हरवळे येथील जांभ्यात कोरलेली लेणी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावीत. केवळ छिद्रे पाहून खडकाचे मूळ ठरवू नये, हे त्यांच्या मनावर ठसेल.