सगळ्यांनाच ४६ हवा

लिंक २० एमबीपीएसची, दिवसभरात कधी निम्मीही भरत नव्हती, आणि तरी चाकणच्या गोदामातून केलेला फोन पुण्याच्या ऑफिसात तुटत तुटत ऐकू यायचा. तोही नेमका दुपारी, शिफ्ट बदलायच्या सुमाराला. प्रोव्हायडरच्या इंजिनिअरचं उत्तर ठरलेलं: "सर, आमच्याकडून लिंक क्लीन आहे." पुरावा म्हणून पिंगचा निकाल पाठवायचा, एकही पॅकेट गळलेलं नाही. तो बघून आमच्या साहेबांनी खापर फोनवर आणि ते बसवणाऱ्या माझ्यावर फोडलं.

शेवटी गोदामातल्या राउटरपाशी वायरशार्क लावला. फोनच्या पॅकेटवर डीएससीपी ४६, म्हणजे आवाजाच्या रांगेचं मार्किंग, हवं तसंच. पण खाली कॅमेऱ्यांचे आयपी, आणि त्यांच्यावरही ४६! शिफ्ट बदलताना ऑफिसातून गेटचे कॅमेरे उघडले जायचे आणि तो सगळा व्हिडिओ आवाजाच्या रांगेत घुसायचा. प्रोव्हायडरकडे त्या रांगेला मर्यादा २ एमबीपीएसची. त्यावरचं सरळ फेकून देतात. पॅकेट फोनचं की कॅमेऱ्याचं, कोण बघतो? एका कॉलला ८०-९० केबीपीएस लागतात, एकेका कॅमेऱ्याला त्याच्या कितीतरी पट. चित्रही अडखळत होतं, पण त्याची तक्रार कुणी केली नाही. आणि त्या इंजिनिअरच्या पिंगवर मार्किंगच नव्हतं. तो साध्या, रिकाम्या रांगेतून जात होता!

कॅमेरेवाला म्हणाला, "डिफॉल्ट आहे, सगळीकडे असंच चालतं." याचा राग अजून गेलेला नाही. आरएफसी ४५९४ ही २००६ सालची. तिच्यात ४६ टेलिफोनीला दिलाय, पाळतीच्या कॅमेऱ्यांना २४.

तेव्हा उपकरणाने स्वतः लावलेल्या मार्किंगवर विसंबू नका. स्विचच्या पोर्टवरच ते पुसा आणि आपलं लावा: फोनच्या व्हीलॅनला ४६, कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनला २४. प्रोव्हायडर २४ कुठल्या क्लासमध्ये टाकतो आणि प्रत्येक क्लासची मर्यादा किती, हे लेखी घ्या. तक्रार करायच्या आधी लिनक्सवरून टॉस १८४ देऊन पिंग करा. ४६ ची चौपट म्हणजे १८४, तो पिंग आवाजाच्याच रांगेतून जातो. एकूण वापराचा आलेख दाखवून वाटेला लावू पाहतील, क्लासनिहाय ड्रॉपचे आकडे मिळेपर्यंत सोडू नका.

आणि बँडविड्थ वाढवा म्हणाले तर कोटेशन नीट वाचा. आम्हाला ५० एमबीपीएसचं आलं होतं. आवाजाच्या रांगेची मर्यादा त्यातही २ एमबीपीएसच होती.