फळांच्या पेयाचे लेबल कसे वाचावे?

आंबा, संत्रा, लिंबू पिकविणारा शेतकरी बाजारातून बाटलीबंद पेय घेतो, तेव्हा तोही ग्राहकच असतो. बाटलीच्या दर्शनी भागावर पिकलेल्या फळाचे मोठे चित्र असते. आत फळ किती, हे मात्र मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते. ही माहिती योग्य निवडीसाठी पुरेशी आहे का, ते पाहू.

१) नाव पाहा : अन्न सुरक्षा मानकांनुसार स्क्वॅश व सिरपमध्ये फळाचा रस किंवा गर किमान २५ टक्के, तर जॅममध्ये सर्वसाधारणपणे ४५ टक्के फळ असावे लागते. पिण्यास तयार पेयात हे प्रमाण किमान १० टक्के, लिंबाच्या पेयात केवळ ५ टक्के आहे. म्हणजे २०० मि.लि. आंबा पेयात २० मि.लि. गर असला तरी ते पेय नियमात बसते.

२) घटकांची यादी वाचा : घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. 'पाणी, साखर, आंब्याचा गर' असा क्रम असेल, तर गरापेक्षा साखर जास्त आहे असे समजावे. चित्र किंवा शब्दांनी फळावर भर दिला असेल, तर त्याची टक्केवारी छापणे बंधनकारक आहे. आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. ही दोन्ही परिरक्षके आहेत. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल.

३) साखरेचा हिशेब करा : पोषणतक्ता बहुधा १०० मि.लि.साठी असतो. त्यात साखर १३ ग्रॅम लिहिली असेल, तर २०० मि.लि.च्या बाटलीतून २६ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चहाचे चमचे साखर पोटात जाते.

४) '१०० टक्के रस' : आटवलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून केलेल्या पेयावर असा दावा करू नये व असलेला काढून टाकावा, असे निर्देश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिले.

लेबल कोठे अपुरे पडते?

सक्तीची माहिती इंग्रजी किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. मराठीत देण्यास मुभा आहे, बंधन नाही. अक्षरे बारीक असतात आणि हिशेब ग्राहकालाच करावा लागतो. थोडक्यात, माहिती असते. पण घाईत खरेदी करणाऱ्या गृहिणीला ती उपयोगी पडेल अशा रीतीने मांडलेली नसते. त्यामुळे २५ टक्के फळाचा माल व १० टक्के फळाचा माल तिला सारखाच दिसतो आणि जास्त फळ वापरणाऱ्याला त्याचा भाव मिळत नाही.

प्रक्रिया करणाऱ्यांसाठी सूचना

• फळाची टक्केवारी दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत, मराठीतही छापावी.
• 'हापूस' हे नाव हापूसचाच गर वापरला असेल तरच द्यावे.
• घटक, परिरक्षक, निव्वळ वजन किंवा माप, पोषणतक्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची व वापरण्याची अंतिम तारीख, साठवणुकीची सूचना, शाकाहारी चिन्ह, नाव-पत्ता आणि १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक न विसरता द्यावा.
• बाटली फोडल्यानंतर किती दिवसांत संपवावी, हेही लिहावे.

महिला बचत गटांनी व लहान उद्योजकांनी लेबलाकडे केवळ कायद्याची अट म्हणून पाहू नये. मोठ्या जाहिराती त्यांना परवडत नाहीत. आपल्या मालात फळ जास्त आहे, हे ग्राहकाला सांगण्याची त्यांची जागा लेबल हीच आहे.