कंबर बळकट करायची? आधी ती स्थिर ठेवायला शिका

‘डॉक्टर, कंबरेत उसण भरली,’ अशी तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात आले नाही, असा दिवस क्वचितच जातो. शेतात वाकून काम करणारे, दुकानात पोती हलवणारे, दुचाकीवरून रोज खड्डे चुकवत जाणारे, संगणकासमोर तासन् तास बसणारे असे सगळ्या थरांतले लोक त्यात असतात. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. तेव्हा हे दुखणे आपल्या एकट्याच्याच नशिबी आले, असे कोणी समजू नये.

हल्ली या रुग्णांचा एक प्रश्न हमखास असतो. ‘डॉक्टर, जिम लावू का?’ पुण्यात तर गल्लोगल्ली जिम आहेतच, आता तालुक्याच्या गावीही ती झाली आहेत. जिममुळे कंबर सुधारलेले लोक मी पाहतो, तशी जिममध्येच कंबर धरलेली विशी-पंचविशीची मुलेही पाहतो. यंत्रे दोघांचीही तीच असतात. फरक पडतो तो ती कोणत्या क्रमाने आणि कशी वापरली यामुळे. आज त्याविषयी.

कंबरेला आधार कोणाचा?

पाठीच्या कण्यात कंबरेच्या भागात पाच मणके असतात. दर दोन मणक्यांमध्ये गादीसारखी एक लवचिक चकती असते. लग्नाच्या मांडवाचा मधला खांब आठवा. तो नुसता जमिनीत रोवलेला असून भागत नाही, चारी बाजूंनी दोर ताणून त्याला उभे धरावे लागते. कण्याचेही तसेच आहे. पुढून पोटाचे स्नायू, दोन्ही कुशींना तिरके स्नायू, मागून पाठीचे स्नायू, वरून श्वासपटल आणि खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला धरून ठेवतात. जिममध्ये ज्याला ‘कोअर’ म्हणतात ते हेच. यांच्या जोडीला नितंबांचे मोठे स्नायू हवेत. ते दुबळे असले की वजन उचलण्याचे त्यांचे काम कंबरेच्या माथी येते.

एकच दोर जोरात ताणला आणि बाकीचे सैल सोडले तर खांब कलतो. म्हणून पोटावर ‘सिक्स पॅक’ दिसावेत यासाठी फक्त पोटाचाच व्यायाम करणाऱ्याची कंबर बळकट होते असे नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या स्नायूंचे मुख्य काम कंबर वाकवणे किंवा पिळणे हे नाही. हातपाय काम करत असताना कंबर जागच्या जागी स्थिर ठेवणे, हे त्यांचे काम. एका हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन चालताना तुम्ही त्या बाजूला कलंडत नाही, ते या स्नायूंच्या जोरावर. कंबरेचा व्यायाम निवडताना हे ध्यानात ठेवले की निम्मी चूक टळते.

तालमीतला जुना धडा

ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. पुण्याच्या पेठांत चिंचेची तालीम, निंबाळकर तालीम अशी ठिकाणांची नावेच तालमींवरून पडली आहेत. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली, तीही शारीरिक शिक्षणासाठी. तालमीत मुद्गल फिरवणारा माणूस कधी पाहिला असेल तर आठवा. वजन डोक्यामागून, खांद्यावरून गोल फिरते, पण धड खांबासारखे स्थिर असते. कंबर हलू लागली की वस्ताद वजन कमी करायला लावतो. मल्लखांबावरही तसेच. मधला भाग घट्ट धरता आला नाही तर खांबावर टिकताच येत नाही.

जिममधल्या यंत्रांनाही हाच नियम लावावा. धड हलू लागले की वजन जास्त झाले, असे समजावे.

आधी डॉक्टर, मग जिम

पुढीलपैकी काहीही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, किंवा दोन्ही मांड्यांमधली बसण्याची जागा बधिर होणे. यात एक दिवसही थांबू नये, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पायातली शक्ती कमी होणे, चालताना पाऊल घासणे. दुखण्याबरोबर ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आढळतो, हे विसरू नये. पूर्वी कर्करोग झालेला असणे. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, विशेषतः उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असताना.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही विचारल्याशिवाय वजने उचलू नयेत.

‘मणक्यात गॅप आहे’

अनेक रुग्ण एक्स-रे किंवा एमआरआय घेऊन येतात आणि म्हणतात, ‘मणक्यात गॅप आहे, आता वाकायचे नाही असे सांगितले आहे.’ चकत्या झिजणे हे केस पिकण्यासारखे वयाचे लक्षणही असते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि त्यांना दुखत काहीच नव्हते! म्हणून केवळ फोटोतील झिजेला घाबरून हालचाल बंद करू नये.

पुण्याजवळच्या एका तालुक्याच्या गावचे पंचेचाळिशीचे किराणा दुकानदार माझ्याकडे आले, तेव्हा वर्षभर चोवीस तास कंबरेला पट्टा बांधून होते. एकदा साखरेचे पोते ओढताना कंबर धरली, ती भीती मनात बसली. माल उतरवायचे काम पत्नी आणि बारावीतला मुलगा करत. मुलाचे शिक्षण थांबवून त्याला दुकानावर बसवायचा विचार घरात सुरू होता. तपासणीत धोक्याचे एकही लक्षण नव्हते. दुबळे होते ते स्नायू, आणि वर्षभराच्या विश्रांतीने ते आणखी दुबळे झाले होते. पट्टा हळूहळू सोडवला आणि पुढे दिला आहे तोच क्रम त्यांनी धरला. कंबर अजून अधूनमधून कुरकुरते, पण दुकान ते सांभाळतात आणि मुलगा कॉलेजात जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या साध्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे. कंबरेचे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे.

पहिला महिना यंत्राविना

सुरुवात चालण्याने करावी. बरे झालेल्या कंबरदुखीच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना टप्प्याटप्प्याने नियमित चालायला लावले, त्यांचे दुखणे उलटायला सरासरी २०८ दिवस लागले. ज्यांना लावले नाही त्यांचे ११२ दिवसांत उलटले. चालायला ना फी पडते, ना यंत्र लागते. दिवसाला १० मिनिटांपासून सुरू करून ३० मिनिटांपर्यंत जावे.

त्याच्या जोडीला सतरंजीवर करायचे तीन व्यायाम घ्यावेत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे माजी प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी ते जगभर रूढ केले.

पहिला : हात व गुडघे टेकून घोड्यासारखे व्हावे. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा. कंबरेवर पाण्याचा पेला ठेवला आहे आणि तो सांडता कामा नये, असे समजावे. मग बाजू बदलावी.

दुसरा : कुशीवर पडून कोपर खांद्याखाली टेकावे, गुडघे दुमडावेत आणि कंबर वर उचलून धरावी. सवय झाल्यावर पाय सरळ ठेवून करावा.

तिसरा : पाठीवर पडून एक गुडघा दुमडावा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कंबरेखालच्या पोकळीत ठेवून फक्त डोके व खांदे किंचित उचलावेत. पूर्ण उठून बसायचे नाही.

प्रत्येक स्थिती ८ ते १० सेकंद धरावी आणि ५-६ वेळा करावी. श्वास चालू ठेवावा. नितंबांसाठी सेतुबंधासन पुरेसे आहे.

मग यंत्रांकडे

वरचे व्यायाम न दुखता जमू लागले की जिममध्ये पाऊल टाकावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, अशी दोन आवर्तने करावीत.

कप्पी व दोरीचे यंत्र : यंत्राकडे कूस करून उभे राहावे. मूठ दोन्ही हातांनी छातीशी धरावी आणि हात समोर सरळ करावेत. दोर तुम्हाला यंत्राकडे वळवू पाहतो. वळायचे नाही, हाच व्यायाम. कोअरसाठी जिममध्ये एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी.

बसून ओढण्याचे यंत्र : जिममध्ये याला ‘सीटेड रो’ म्हणतात. मूठ पोटाकडे ओढताना धड मागे झुकवू नये. झुकत असेल तर वजन कमी करावे.

पाठीचा तिरका बाक : यावर ‘हायपर एक्स्टेन्शन’ असे नाव सांगतात, पण नावाप्रमाणे करू नये! गादी ओटीपोटाच्या हाडाखाली, मांड्यांवर येईल अशी लावावी, म्हणजे वाकणे कंबरेतून न होता खुब्यातून होते. वर येताना शरीर एका रेषेत आले की थांबावे, मागे कमान करू नये. पहिले दोन आठवडे नुसते सरळ राहून १० ते २० सेकंद धरले तरी चालेल.

पायांनी ढकलण्याचे यंत्र : हे ‘लेग प्रेस’. गुडघे छातीकडे इतके आणू नयेत की नितंब गादीवरून उचलले जातील. ते उचलले की कंबर गोल होते आणि भार चकत्यांवर येतो.

डंबेल : एका हातात डंबेल घेऊन न कलंडता २०-३० पावले चालावे, मग हात बदलावा. बादलीचाच हा प्रकार, रोजच्या जीवनात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा.

जमिनीवरून बार उचलण्याचा व्यायाम, म्हणजे ‘डेडलिफ्ट’, शेवटी शिकावा. आधी एक काठी पाठीवर उभी धरावी. वाकताना डोके, पाठीचा मध्य आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. हे जमल्याखेरीज बारला हात लावू नये.

ही घाई नको

कंबर दुखत असताना वजन घेऊन उठाबशा काढत पोट दुमडणे आणि बसून धड फिरवणारी यंत्रे टाळावीत. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी तर नक्कीच. रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर कंबरेतून खोल वाकण्याचे किंवा वजनाचे व्यायाम करू नयेत. पहाटे उठल्या उठल्या सूर्यनमस्कार घालणाऱ्यांची कंबर दुखत असेल तर त्यांनीही आधी थोडे चालावे. वजन उचलताना श्वास कोंडू नये, जोर लावताना तो सोडावा.

व्यायामानंतर स्नायू एक-दोन दिवस दुखणे ठीक आहे. पण दुखणे नितंबातून पायात उतरू लागले, मुंग्या आल्या किंवा दुसऱ्या दिवशी कंबर जास्त धरली, तर वजन कमी करावे. तरीही न थांबल्यास दाखवावे. एखाद्या दिवशी उसण भरली तरी अंथरूण धरू नये. एक-दोन दिवस बेताने घ्यावे आणि घरात हिंडत-फिरत राहावे.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. शेजारचा मुलगा किती वजन उचलतो ते पाहू नये. तुमची कंबर स्थिर राहते का, एवढेच पाहावे. सहा महिन्यांची फी भरून पंधरा दिवसांत जिम सोडणाऱ्यापेक्षा घरच्या सतरंजीवर रोज पंधरा मिनिटे देणाऱ्याची कंबर जास्त टिकते. थेंबे थेंबे तळे साचे, हे स्नायूंच्या बाबतीतही खरे आहे.