गिलाव्याच्या आधी

धारचं आमचं घर चार खणांचं. पुढे ओसरी, मागे विहीर. पूर्वज पवारांबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले, तेव्हापासूनची ही जागा. मी नोकरीमुळे देवासला असतो. वडील गेल्यावर २०१६ मध्ये ठरवलं, घर नीट करायचं, मागे दोन खोल्या काढायच्या, काही वर्षं भाडं घ्यायचं आणि मग विकायचं. ठेकेदाराने बारा लाख सांगितले होते. एकोणीस लागले आणि घर अजून विकलेलं नाही. असाच विचार कुणाच्या मनात असेल, तर त्यांनी माझं हे ऐकावं.

मी सुरुवात दर्शनी भिंतीपासून केली. जुन्या भिंती विटांच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या, वरून चुन्याचा गिलावा. त्याचे पोपडे निघत होते म्हणून सगळा खरवडून सिमेंटचा गिलावा केला. दुसऱ्या पावसाळ्यात तो ढोलासारखा वाजू लागला. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. चुन्यातून ती सुकून जायची, सिमेंटने तिची वाट बंद केली. मग ती लाकडाकडे वळली. माजघरावरच्या सागवानी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजून हाताने सुटत होतं. ती एक तुळई बदलायला जो खर्च आला, त्यात सगळ्या घराला चुना झाला असता. चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री आधी शोधा, आणि तो मिळेपर्यंत भिंतीला हात लावू नका. मला तो उशिरा मिळाला; मांडूकडच्या जुन्या इमारतींवर काम केलेला म्हातारा. चुना किती दिवस मुरवायचा हे तो बोटांनी चाचपून सांगतो.

मागच्या खोल्यांनी दुसरा धडा दिला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. जुन्यांनी मुरूम लागेपर्यंत खणलं होतं; आम्ही तीन फुटांवर थांबलो. वर्षभरात नवी भिंत जुनीपासून सुटली, मध्ये तळहात जाईल इतकी फट पडली. मुरूम खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घालतात. खाली फुगीर टोक असलेले हे खांब मातीच्या हालचालीच्या खाली पाय रोवतात. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरा.

पण सगळ्यात जास्त त्रास कागदांनी दिला, आणि त्यात दोष माझाच. नगरपालिकेत नामांतरण वडिलांच्या नावे होतं, तेवढ्यावर मी निश्चिंत राहिलो. नामांतरण कर भरण्यापुरतं. त्याने मालकी ठरत नाही. आजोबा १९७८ साली मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे १९५६ च्या वारसा कायद्याने दोन्ही आत्यांचा घरात वाटा होता. आत्या म्हणायच्या, "तुझंच आहे रे सगळं." गिऱ्हाईक इंदूरहून आलं तेव्हा त्याच्या वकिलाने नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र मागितलं. तोवर थोरली आत्या गेली होती आणि तिच्या तीन मुलांच्या सह्या लागत होत्या. ती मुलं चुकीचं काही मागत नव्हती. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, हेच त्यांना लागलं. आत्या असताना, त्यांना समोर बसवून, वाटा सांगून, हवा असल्यास मोबदला देऊन रजिस्ट्री करायला हवी होती.

धारमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते. लाट मशिदीसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, डागडुजीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या दोनशे मीटरांतही परवानगीशिवाय काही करता येत नाही. वर मजला चढवण्याचा हिशेब मांडण्याआधी हे अंतर मोजून घ्या.

बिलं जपा. विकताना भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा होतो, पण तो कागदावर दाखवावा लागतो. मी मजुरी रोखीने दिली, पावत्या घेतल्या नाहीत. वारशाने आलेल्या जुन्या घरासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. तिचा अहवाल नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून ठेवा.

गेल्या वर्षी मागची भिंत पुन्हा चुन्यात केली. पावसात ओल चढली आणि दिवाळीपर्यंत सुकली. आणखी एक पावसाळा बघितल्याशिवाय पुढची भिंत हातात घेणार नाही. थोरल्या आत्याच्या मुलांपैकी दोघांनी सह्या केल्या आहेत. तिसऱ्याला भेटायला मी पुढच्या महिन्यात नागपूरला जातो आहे.