अश्रूंचे पाद्य

षोडशोपचारांत आवाहन आणि आसन झाले की तिसरा उपचार पाद्याचा. देवाला पाद्य, तसेच दारी आलेल्या अतिथीलाही. ख्रिस्ती शास्त्रातही पाय धुण्याला मोठा मान आहे. लूकाच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायाच्या शेवटी यावर एक आख्यान आहे. परधर्माचे म्हणून कान झाकू नयेत. कथा भक्तीची आहे.

शिमोन नावाचा एक परूशी, म्हणजे नेमधर्म काटेकोर पाळणारा गृहस्थ. त्याने येशूला जेवायला बोलाविले. यहुदी लोकांच्या त्या देशात वाटा धुळीच्या, पायांत नुसती वहाण. म्हणून पाहुणा आला की पायांवर पाणी, भेटीचे चुंबन, डोक्याला तेल, असा आदर करीत. शिमोनाने जेवू घातले, पण या तिन्हींतले एकही केले नाही. मेजवानीत लोक डाव्या कुशीवर टेकून जेवत, पाय मागे पसरलेले. हे ध्यानात धरा, नाहीतर पुढचा प्रसंग उमगत नाही.

गावात पापिणी म्हणून बोभाटा झालेली एक बाई आत आली, ती मागे पायांशीच उभी राहिली. रडू काही आवरेना. अश्रूंनी पाय भिजले. ते तिने आपल्या केसांनी पुसले, त्यांचे मुके घेतले, कुपीतले सुगंधी तेल त्यांना लाविले. तिचे नाव लूकाने दिलेले नाही. मग्दालीया मरीया ती हीच, हे मागाहूनच्या लोकांनी जोडले.

शिमोन मनात म्हणतो, हा खरा संदेष्टा असता तर आपल्याला शिवते ती कोण, हे याला कळले असते. तेव्हा येशूने दृष्टांत घातला. एका सावकाराची दोन कुळे. एकाकडे ५०० दीनार, दुसऱ्याकडे ५०. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दोघांपाशी द्यायला काही नाही, सावकाराने दोघांनाही सोडले. अधिक प्रेम कोण करील? ज्याला अधिक सोडले तो, असे शिमोनच बोलून गेला. मग येशू वळला बाईकडे, आणि बोलला शिमोनाशी! यजमानाने न केलेले तिन्ही उपचार त्याने एकेक मोजून दाखविले.

आता पंडित अडतात ते येथे. तिने फार प्रेम केले म्हणून तिला क्षमा झाली, असे ते पुढचे वाक्य वरवर वाचता वाटते. मग काय, अश्रू मोजून क्षमा विकत घेतली? पण दृष्टांतात आधी कर्ज सुटते, प्रेम मागून येते. आमच्या तर्कशास्त्रात हेतू दोन तऱ्हेचे, कारक आणि ज्ञापक. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, असे आपण म्हणतो. धुराने काही अग्नी पेटत नाही, तो अग्नी आहे एवढे कळवितो. तसे तिचे अश्रू क्षमेचे ज्ञापक. माझा कौल याच बाजूला. उलट धरले तर जो अधिक रडेल त्याला अधिक कृपा, असा बाजार मांडेल. आणि रडणे तर आम्हां कीर्तनकारांना सहज आणता येते, बरं का!

शिमोनाला आपले देणे ५० चेच वाटत होते, म्हणून पाण्याचा तांब्याही सुचला नाही. ते ५० सुद्धा कुळाच्याने फिटले नव्हते, हे तो विसरला. बाईला येशूने शांतीने जा म्हणून निरोप दिला. शिमोनाने पुढे पाणी मागविले की नाही, ते लूक सांगत नाही.