मुलांमधील सायनसायटिस : सुजलेल्या पापणीमागील धोका

सर्दी हा मुलांचा नेहमीचा आजार असून बहुधा तो आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. मात्र नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांमध्ये, म्हणजेच सायनसमध्ये, झालेला जंतुसंसर्ग डोळ्याकडे अथवा मेंदूकडे पसरल्यास दृष्टी व प्रसंगी प्राणही धोक्यात येतात. असे रुग्ण थोडे असले तरी त्यांच्या बाबतीत काही तासांचा विलंबही महाग पडतो.

नाक व डोळा यांच्यामधील इथमॉइड सायनस जन्मापासूनच असतात. त्यांच्यात आणि डोळ्याच्या खोबणीत कागदासारख्या पातळ हाडाचाच काय तो आडपडदा असतो. त्यामुळे लहान मुलांत डोळ्याची गुंतागुंत अधिक आढळते. कपाळातील फ्रॉन्टल सायनस उशिरा वाढत असल्याने मेंदूकडील गुंतागुंत प्रामुख्याने मोठ्या मुलांत व किशोरांत दिसते.

चँडलर यांनी १९७० साली डोळ्याकडील प्रसाराचे पाच गट मांडले : पापणीपुरती सूज, खोबणीतील दाह, हाड व त्यावरील आवरण यांच्यामधील गळू, खोबणीतील गळू आणि कॅव्हर्नस सायनस या कवटीतील मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी. पहिला गट व पुढील गट यांतील फरक ओळखणे हेच निदानाचे मर्म होय. त्यासाठी सुजलेली पापणी हलकेच उघडून डोळा पाहिलाच पाहिजे. डोळा पुढे आलेला असणे, तो हलविताना वेदना होणे, त्याची हालचाल मर्यादित होणे, लाल रंग फिका दिसणे, दृष्टी किंवा बाहुलीची प्रतिक्रिया मंदावणे, ही संसर्ग खोल गेल्याची चिन्हे आहेत.

आमच्याकडे दाखल झालेल्या सहा वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण बोलके आहे. सर्दी-तापानंतर त्याची पापणी सुजली. 'डोळे आले' असे समजून घरी दोन दिवस थेंब घालण्यात आले. तो आला तेव्हा डोळा पुढे आला होता, परंतु दृष्टी शाबूत होती. सीटी स्कॅनमध्ये खोबणीच्या आतील भिंतीलगत लहान गळू आढळले. लहान वय, छोटे गळू आणि उत्तम दृष्टी असताना शिरेवाटे प्रतिजैविके देऊन २४ ते ४८ तास वाट पाहता येते. आम्हीही तसेच ठरविले आणि दर काही तासांनी दृष्टी व बाहुली तपासत राहिलो. दुसऱ्या सायंकाळी त्याला लाल चेंडू फिका दिसू लागला व बाहुलीची प्रतिक्रिया मंदावली. त्याच रात्री कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकावाटे दुर्बिणीने पू काढला. दृष्टी पूर्ववत झाली. वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हा धडा आम्हां सर्वांनाच पुन्हा मिळाला.

तीव्र डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, झटके किंवा मान ताठणे ही लक्षणे मेंदूकडील प्रसार सुचवितात. अशा वेळी डोळा निरोगी दिसला तरी एमआरआय तपासणी व मेंदूशल्यचिकित्सकांचा सल्ला तातडीने घ्यावा. कमरेतून पाणी काढण्यापूर्वी स्कॅन करणे आवश्यक असते, कारण मेंदूवर दाब वाढलेला असल्यास ती तपासणी घातक ठरू शकते. कपाळावरील मऊ, दुखरी सूज म्हणजे केवळ टेंगूळ नव्हे. त्याखालील हाडात संसर्ग झालेला असू शकतो.

या आजारात बालरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ व कान-नाक-घसा तज्ज्ञ यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र काम करणे हाच खरा उपचार होय. पालकांना आमची एवढीच विनंती आहे : सर्दीत मुलाची पापणी सुजल्यास ओळखीचे थेंब घालून वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खर्चाच्या चिंतेनेही कोणी थांबू नये. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी खाटा राखीव असतात. त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे जरूर चौकशी करावी.